सेंट जॉनचे चार वल्हेकरी आणि 'हौशी' हा शब्द

दर्यावर्दी

इथे क्रिकेट, कुस्ती, कबड्डीवर भरपूर धागे निघतात, पण वल्हवण्याच्या शर्यतींवर एकही दिसला नाही. माझा हा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून त्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट सांगतो.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू ब्रन्सविक प्रांतात, सेंट जॉन नावाचं बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात लाकडी जहाजं बांधण्यात या गावाचं मोठं नाव होतं. समोर फंडीचा उपसागर. तिथली भरती-ओहोटी जगात सगळ्यात मोठी मानली जाते. सेंट जॉनच्या बंदरात पाणी आठ मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. मुंबईत पाच मीटरची भरती येणार म्हटलं की आपल्याकडे ती बातमी होते. नदी समुद्राला मिळते तिथे एक अरुंद खडकाळ घळ आहे. भरती चढली की समुद्र नदीला मागे ढकलतो आणि त्या घळीतला धबधबा उलटा वाहायला लागतो. असल्या पाण्यावर लहानपणापासून होडी मारणारी माणसं ही.

त्यातले चार जण म्हणजे रॉबर्ट फुल्टन, जॉर्ज प्राइस, सॅम्युअल हटन आणि एलायजा रॉस. पाचवा राखीव, जेम्स प्राइस. मासेमारी आणि दीपगृहाची राखण, असे यांचे उद्योग. १८६७ साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं, त्यानिमित्त सीन नदीवर आंतरराष्ट्रीय शर्यती जाहीर झाल्या. गावानं ठरवलं, आपली पोरं पाठवायची. व्यापाऱ्यांनी, लोकांनी वर्गणी काढली, प्रांताच्या सरकारनंही पैसे दिले. आगबोटीनं अटलांटिक ओलांडून हे पॅरिसला पोचले.

तिथे समोर कोण? लंडन रोइंग क्लब, लिएंडर अशी इंग्लंडमधली बडी नावं. आणि आमचे हे चौघे पाण्यावर उतरले ते अंगाच्या रंगाच्या बंड्या, गडद कापडी विजारी, चामड्याचे पट्टे आणि डोक्यावर भडक गुलाबी टोप्या घालून! होडी इतरांपेक्षा जड. वल्हवण्याची ढब इंग्रजी पुस्तकी पद्धतीच्या अगदी उलट: आखूड, झटपट फटके, जोर सगळा हातांत, पाठ फारशी झुलवायची नाही. आणि सगळ्यांत नवलाची गोष्ट म्हणजे होडीत कॉक्सच नव्हता. सुकाणू सांभाळायचं कामही वल्हवणाऱ्यांनीच करायचं.

त्यांनी दोन शर्यतींत भाग घेतला. एक इनरिगर होड्यांची, एक आउटरिगरची. दोन्ही जिंकल्या.

तारखांकडे जरा लक्ष द्या. १ जुलै १८६७ ला कॅनडाचं संघराज्य अस्तित्वात आलं, न्यू ब्रन्सविक त्यात सामील झाला. आणि त्याच जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात हा विजय. देशाला जन्मून जेमतेम काही दिवस झाले होते! न्यू ब्रन्सविकमधल्या पुष्कळांना तर संघराज्यात जायचंच नव्हतं. परत आल्यावर गावानं त्यांना डोक्यावर घेतलं आणि 'पॅरिस क्रू' हे नाव कायमचं चिकटलं.

मला यात सगळ्यात जास्त भिडतं ते असं की ही सगळी हातावर पोट असलेली माणसं होती, आणि पॅरिसमध्ये त्यांना 'हौशी' म्हणून मैदानात घेतलं गेलं. पुढच्या बारा वर्षांत तो दरवाजा बंद झाला. त्यावर खाली बोलूच. आधी तुम्ही लिहा.

प्राजक्ता_वि

वाचतेय, खूप छान. या खेळातलं मला काही कळत नाही, म्हणून विचारते. कॉक्स म्हणजे नक्की कोण? आणि इनरिगर-आउटरिगर काय भानगड आहे?

मुळाकाठ

प्राजक्ताताई, मी सांगतो. पुण्यात कॉलेजच्या बोट क्लबवर चार वर्षं काढलीत.

वल्हवणारे सगळे उलटे बसतात, म्हणजे होडी ज्या दिशेनं जाते तिकडे त्यांची पाठ. पुढचं काही दिसत नाही. म्हणून टोकाला एक जण तोंड पुढे करून बसतो, सुकाणूच्या दोऱ्या हातात धरतो, ताल सांगतो, ओरडतो. तो कॉक्स. तो वल्हवत नाही, त्यामुळे त्याचं वजन म्हणजे इतरांना फुकट ओढावा लागणारा भार. म्हणून कॉक्स नेहमी किरकोळ अंगाचा शोधतात. कॉक्स काढून टाकला तर पन्नासेक किलो कमी होतात. पण मग जोर लावता लावता मान वळवून बघायचं, दिशा सांभाळायची, आणि हे करताना ताल तसूभरही बिघडू द्यायचा नाही. महाकठीण काम.

इनरिगर म्हणजे वल्हं होडीच्या काठावरच टेकलेलं असतं. आउटरिगरमध्ये काठाच्या बाहेर लोखंडी कंस काढून त्यावर वल्हं टेकवतात. होडी अरुंद ठेवता येते आणि तरफ मात्र लांब मिळते. आज शर्यतीत दिसतात त्या सगळ्या आउटरिगर. अजून एक, आजच्या होडीत बसायची फळी रुळांवर मागेपुढे सरकते, त्यामुळे पायांचा जोर लागतो. १८६७ साली ती नव्हती, १८७० नंतर आली. म्हणजे या चौघांनी पक्क्या फळीवर बसून ते अंतर मारलं.

पहिल्या महिन्यात माझ्या तळहाताची काय गत झाली होती ते अजून आठवतं. बोटांच्या मुळाशी फोड यायचे, ते फुटायचे, दुसऱ्या दिवशी त्यावरच परत वल्हं. लाकडाच्या मुठीवर तांबूस डाग पडायचे. रात्री जेवताना आमटीचं मीठ झोंबायचं. आमचे सीनियर म्हणायचे, कातडी जाड होईपर्यंत थांब. ती झाली दोन महिन्यांनी. या मच्छीमारांचे हात तर लहानपणापासूनच तसे असणार. शर्यतीसाठी वेगळे हात कमवायची त्यांना गरज नव्हती.

सातपाटीकर

धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारीच्या. आता इंजिनं आली, पण आजोबांचा काळ वल्ह्याचा आणि शिडाचा.

'आखूड, झटपट फटके' हे वाचून इंग्रजांना नवल वाटलं असेल, मला नाही वाटलं. लाटेत लांब फटका मारायला गेलात की वल्हं एकदा पाण्यात खोल जातं आणि पुढच्या वेळी लाटेच्या खळग्यात नुसतं हवेत फिरतं. होडी डोलते, माणूस तोल जाऊन मागे पडतो. म्हणून चालत्या पाण्यात माणूस आपोआप आखूड आणि पटापट मारायला शिकतो. पाणी हाताला लागेल तेवढं घ्यायचं नि सोडून द्यायचं. पाठ झुलवून लांब फटका मारणं हे संथ नदीचं वल्हवणं. थेम्सवर शिकलेल्यांना तेच बरोबर वाटणार, कारण त्यांचं पाणीच तसं.

आणि कॉक्सचं म्हणाल तर आमच्याकडे मोठ्या होडीत तांडेल असतो, सुकाणू त्याच्या हातात. पण दोघं-तिघं लहान होडी घेऊन जाळं बघायला निघतात तेव्हा वेगळा माणूस कुठून आणणार? खांद्यावरून मागे बघत, काठावरचं एखादं झाड नाहीतर देवळाचा कळस नजरेत धरून होडी सरळ ठेवायची. लहानपणीच सवय होते. सेंट जॉनच्या त्या चौघांना कॉक्स नसणं हे धाडस वाटलंच नसेल. त्यांची ती रोजची रीत असणार.

दर्यावर्दी

सातपाटीकर, लाखमोलाचा प्रतिसाद! शर्यतीनंतर इंग्रजी वृत्तपत्रांत यावर बरीच चर्चा झाली. ही पद्धत चुकीची आहे असं म्हणावं तर ती जिंकली होती, आणि बरोबर आहे असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. पाण्याप्रमाणे फटका बदलतो हे तुम्ही दोन ओळींत सांगितलंत.

जुनीपाने

धागा चांगला आहे, पण एक आक्षेप नोंदवतो. पॅरिस क्रूला 'हौशी' म्हणणं कितपत खरं? पॅरिसनंतर सव्वा वर्षात, ऑक्टोबर १८६८ मध्ये, हेच लोक अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला कनेक्टिकट नदीवर वॉर्ड बंधूंशी पैज लावून उतरले. वॉर्ड बंधू म्हणजे हडसन नदीकाठचे, अमेरिकेतले नावाजलेले वल्हेकरी. सेंट जॉनवाले जिंकले आणि पैजेचे पैसे घेतले. १८७० साली माँट्रियलजवळ लाशीनला इंग्लंडच्या टाइन नदीवरच्या चमूशी शर्यत झाली, तीही पैजेची. तिथे ते हरले. या काळात गावोगावच्या लोकांनी या शर्यतींवर पैसा लावला होता. याला हौस म्हणायचं का?

दर्यावर्दी

जुनीपाने, माहिती बिनचूक आहे तुमची. १८६८ पासून ते पैजेच्या शर्यतींत उतरले, यात वाद नाही. पण १८६७ च्या पॅरिसपुरतं ते हौशी म्हणूनच उतरले आणि हौशी म्हणूनच जिंकले.

माझा मुद्दा वेगळा आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा 'अमॅच्युअर' या शब्दात पैसे घेतो की नाही एवढंच बघत नव्हते. तू कोण आहेस, हे बघत होते. १८७९ मध्ये हेन्ली रेगाटानं, म्हणजे थेम्सवर इंग्लंडमधल्या मानाच्या शर्यती भरवणाऱ्यांनी, नियम लेखी केला: जो कारागीर, यांत्रिक कामगार किंवा मजूर म्हणून रोजीवर काम करतो तो अमॅच्युअर नाही. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या अमॅच्युअर रोइंग असोसिएशननं तेच धोरण उचललं. म्हणजे आयुष्यात शर्यतीपोटी एक छदाम न घेतलेला सुतारसुद्धा 'हौशी' नव्हे! कारण काय, तर तो रोज हातानं काम करतो, त्याचे दंड आधीच कमावलेले, मग बँकेत नाहीतर कॉलेजात बसणाऱ्याला ते अन्यायाचं.

हा विचार मला मनापासून खटकतो. सातपाटीकरांनी जे सांगितलं तीच या चौघांची पुंजी होती. पाणी ओळखणं, खांद्यावरून बघत होडी सरळ ठेवणं, हे त्यांना त्यांच्या कामानं शिकवलं. आणि तेच काम पुढे अपात्रतेचं कारण ठरलं. पॅरिस क्रू बारा वर्षं उशिरा जन्मली असती तर हेन्लीच्या दारातही उभी राहू शकली नसती.

याला विरोध करणारेही इंग्लंडमध्येच होते, हेही सांगायला हवं. फर्निव्हल नावाच्या विद्वानाच्या पुढाकारानं १८९० मध्ये वेगळी राष्ट्रीय संघटना निघाली, कामगारांना दार उघडं ठेवणारी.

जुनीपाने

हे मान्य. यात भर घालतो. १९२० मध्ये फिलाडेल्फियाचा जॉन केली हेन्लीच्या डायमंड स्कल्स या एकेरी शर्यतीसाठी अर्ज करतो आणि तो फेटाळला जातो. केली गवंडीकाम केलेला माणूस. त्याच्या व्हेस्पर क्लबवर आधीच बंदी होती, तेही एक कारण होतं, पण गवंडी असणं हेही नोंदलं गेलं. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्यानं डायमंड स्कल्स जिंकणाऱ्या जॅक बेरेसफर्डलाच एका सेकंदानं हरवलं. पुढे त्याच्या मुलानं १९४७ आणि १९४९ मध्ये हेन्लीत डायमंड स्कल्स जिंकून दाखवली. अभिनेत्री ग्रेस केली ही त्याचीच मुलगी.

१९३६ ला ऑस्ट्रेलियाच्या ऑलिंपिक चमूला हेन्लीनं नाकारलं, कारण ते पोलीस शिपाई होते. त्यावर बराच गदारोळ झाला आणि १९३७ मध्ये तो नियम गेला. म्हणजे जवळपास ५८ वर्षं तो टिकला.

प्राजक्ता_वि

पोलीस म्हणजे मजूर? वाचून डोकं तापलं.

नीरजा_एनबी

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं मी न्यू ब्रन्सविकमध्ये राहते, सेंट जॉनपासून अर्ध्या तासावर. आपल्या भाषेत या गावाची गोष्ट कुणी लिहिलेली बघून डोळे भरून आले. लाशीनच्या पुढचं मी सांगते, कारण ते इथलं आहे.

लाशीनला सेंट जॉनचे हरले त्या टाइनच्या चमूचा म्होरक्या होता जेम्स रेनफोर्थ. गेट्सहेडचा, भट्टीवर लोहारकाम केलेला गडी. १८६८ ला थेम्सवर हॅरी केलीला हरवून तो एकेरी वल्हवण्यातला जगज्जेता झाला होता. (हा केली वेगळा, वर आलेल्या केलीशी संबंध नाही.) लाशीनचा हिशेब चुकता करायला परत शर्यत ठरली, या वेळी सेंट जॉनच्या अंगणात, केनेबेकेसिस नदीवर. रेनफोर्थचं जुन्या साथीदारांशी बिनसलं होतं, म्हणून त्यानं नवा चमू बांधला. आणि त्यात घेतलं कुणाला, तर ज्याला हरवून तो जगज्जेता झाला त्या हॅरी केलीलाच. सोबत रॉबर्ट चेंबर्स आणि जेम्स पर्सी.

२३ ऑगस्ट १८७१ ची सकाळ. सातच्या सुमारास शर्यत सुटली. काठावर हजारो माणसं. थोडं अंतर गेल्यावर रेनफोर्थचा ताल चुकायला लागला, तो डुलायला लागला आणि मागे केलीच्या अंगावर कोसळला. बाकीच्यांनी होडी काठाला घेतली. सेंट जॉनचे पुढे निघून गेले, त्यांनी पूर्ण अंतर मारून शर्यत जिंकली. इकडे रेनफोर्थला उचलून नेलं, आणि तासा-दीड तासात त्यानं प्राण सोडला. वय २९.

विष घातलं अशी आवई उठली. एवढा पैसा लागलेला, त्यामुळे ती उठणारच. शवविच्छेदन झालं, विष सापडलं नाही. त्याचा देह आगबोटीनं मायदेशी नेला आणि टाइनकाठी त्याच्या अंत्ययात्रेला अलोट गर्दी लोटली.

आता मला जे सांगायचंय ते. ज्या काठावर हे घडलं त्या वस्तीला लोकांनी रेनफोर्थ हेच नाव दिलं. आपल्या गावाला हरवून गेलेल्या परक्या माणसाचं नाव! मी पहिल्यांदा रेनफोर्थच्या धक्क्यावर गेले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एका शेजारच्या आजींनी सांगितलं. त्या हे सगळं असं सांगत होत्या की जणू त्यांनी ती होडी काठाला लागताना पाहिली आहे.

मुळाकाठ

नीरजाताई, अंगावर काटा आला. वल्हवताना स्ट्रोकला, म्हणजे सगळ्यांना ताल देणाऱ्याच्या जागी बसलेला माणूस अर्ध्या फटक्यानं जरी चुकला तरी मागच्या तिघांना ते पाठीच्या कण्यात कळतं. होडी एकदम जड होते. रेनफोर्थचा हात मंदावला तो क्षण केलीला सगळ्यात आधी कळला असणार.

सकाळी सातची वेळ का, तेही सांगतो. पहाटे पाणी काचेसारखं असतं, ऊन चढलं की वारा सुटतो. पुण्यातही आम्ही साडेपाचलाच पाण्यावर असायचो. लाशीनला १८७० साली वाऱ्यानं पाणी खवळलं होतं.

सातपाटीकर

म्हणजे खवळलेल्या पाण्यात सेंट जॉनवाले हरले? मग माझं वरचं म्हणणं जरा तपासून घ्यावं लागेल.

दर्यावर्दी

पूर्णपणे नाही. टाइनचे लोकही कोळशाच्या बंदरातले, भरती-ओहोटीच्या नदीवर वाढलेले. तेही कामकरीच. थेम्सचे सभ्य गृहस्थ नव्हते समोर. म्हणून तर या दोन गावांतली चुरस मला मोठी वाटते, दोन्हीकडे एकाच मातीची माणसं. आणि १८७१ च्या सप्टेंबरात अमेरिकेत साराटोगाला मोठी शर्यत झाली तेव्हा टाइनवाल्यांना वॉर्ड बंधूंनी मागे टाकलं, ज्यांना आपल्या सेंट जॉनवाल्यांनी तीन वर्षं आधी हरवलं होतं. कोण कुणापेक्षा भारी हे एका शर्यतीवरून ठरत नाही.

जुनीपाने

कॉक्सवरून आठवलं. पॅरिस क्रूच्या दुसऱ्याच वर्षी, १८६८ मध्ये, हेन्लीला चौघांच्या शर्यतीत ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजच्या चमूनं काय केलं बघा. कॉक्स घेणं सक्तीचं होतं. त्यांचा पुढारी वुडगेट यानं कॉक्सला सांगून ठेवलं, शर्यत सुटली की पाण्यात उडी मार! त्यानं मारली. हलकी झालेली होडी सहज जिंकली आणि अर्थातच बाद झाली. तो कॉक्स कमळाच्या वेलींत अडकून बुडता बुडता वाचला. फ्रेडरिक वेदरली त्याचं नाव, पुढे इंग्रजीतला मोठा गीतकार झाला. १८७३ पासून ती शर्यत अधिकृतपणे बिनकॉक्सची झाली. सेंट जॉनच्या चौघांनी जे सीनवर करून दाखवलं ते सहा वर्षांत हेन्लीच्या नियमात आलं.

गोदाकाठ

सगळे प्रतिसाद वाचून आमच्या दत्तू भोकनळची आठवण झाली. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी पट्टा. पोरानं विहिरी खणल्या, सैन्यात गेला, तिथे पहिल्यांदा वल्हं हातात घेतलं. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत सुवर्णपदक. विहीर खणणारा माणूस १८७९ च्या त्या नियमानं बादच झाला असता की.

दर्यावर्दी

गोदाकाठ, अगदी पहिल्याच फटक्याला बाद.

सातपाटीकर

नीरजाताई, एक विचारायचं राहिलं. त्या केनेबेकेसिसवर भरती पोचते का? आणि आता तिथे कुणी वल्हवतं का?

नीरजा_एनबी

सातपाटीकरदादा, भरतीचा जोर त्या उलट्या धबधब्याच्या घळीतच अडतो, वर नदीत पाणी फारसं हलत नाही. उन्हाळ्यात सकाळी क्लबच्या होड्या दिसतात, मुलंमुली असतात, बरोबर मोटरबोटीतून कोच भोंगा घेऊन ओरडत असतो. हिवाळ्यात नदी गोठते. मग रेनफोर्थच्या धक्क्यासमोर बर्फावर रंगीबेरंगी खोपटी उभी राहतात, शेकड्यानं. आत छोटी शेगडी, बर्फाला पाडलेलं भोक, त्यात गळ सोडून माणसं तासन् तास बसलेली. गेल्या फेब्रुवारीत त्या आजींच्या नातवानं आम्हाला त्याच्या खोपटात बोलावलं होतं. तुमच्याकडच्या बोंबलाएवढे चंदेरी मासे मिळाले, तिथेच तव्यावर भाजले. पुढच्या वेळी मसाला घेऊन जाणार आहे.